मदत हवी आहे : सांदण दरीत बाबांना कुठपर्यंत नेता येईल?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावच्या सांदण दरीत जायचं ठरतंय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बाबा ६४ वर्षांचे आहेत आणि खरा प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे.

ऐन पंचविशीत बाबा मित्रांबरोबर रतनगड करून त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरले होते. जून संपत आला होता. गावातल्या जाणत्या माणसांनी दरीत शिरू दिलं नाही. ते राहून गेलेलं त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची झीज निघाली. डॉक्टर म्हणाले, चालणं-चढणं चालू ठेवा, उड्या मारू नका. तेव्हापासून रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात. चढताना माझ्या पुढे असतात. उतरताना मात्र कठडा धरतात, आणि उजवा पाय आधी टेकवून डावा शेजारी आणतात, प्रत्येक पायरीला. दुखतंय असं तोंडाने कधी म्हणत नाहीत, म्हणून मला ते बघून ओळखावं लागतं.

रॅपलिंग करून (दोराने कडे उतरून) करोली घाटाने परत यायचा बेत नाही. जिथे दोर लागतो त्या पहिल्या मोठ्या टप्प्यापर्यंत जाऊन आल्या वाटेने परत, एवढंच. दरीत वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात, त्यातल्या दुसऱ्याला डिसेंबरात पाणी किती असतं? मुलाची उंची सव्वाचार फूट आहे. डोहानंतरच्या धोंड्यांमध्ये बाबांचा निभाव लागेल का? आणि पुण्याहून पहाटे तीनला निघून रात्री घरी पोचता येईल का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : नका करू. जागरण करून आलेल्या पायांनी त्या धोंड्यांवर जाऊ नये, आणि रात्री परत गाडी चालवणं तर त्याहून वाईट. शुक्रवारी संध्याकाळी साम्रदला पोचा. गावात घरगुती राहायची सोय होते, आधी फोन केला तर पिठलं-भाकरीही मिळते. सकाळी सातला दरीत उतरायला लागा. गावातला वाटाड्या घ्याच.

पहिलं पाणी साधारण गुडघ्याएवढं. दुसरं डिसेंबरात मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत धरून चाला, परतीचा पाऊस लांबला असेल तर जास्तही. तुमच्या मुलाच्या ते छातीला लागेल. तळाशी दगड आहेत, दिसत नाहीत. शिवाय ऊन पोचत नसल्यामुळे पाणी विलक्षण गार. सुक्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत हवाच.

काकांसाठी महत्त्वाचं : गडावर आधी चढ, मग उतार. इथे उलटं आहे. जाताना उतरायचं आणि दमल्यावर चढून यायचं. काकांना अवघड आहे तो उतार, म्हणजे त्यांची कसोटी सुरुवातीलाच लागेल. दुसऱ्या डोहापलीकडे धोंडे संपतच नाहीत, काही टेम्पोएवढे आहेत. अर्धा तास चालून त्यांचा उजवा पाय बघा. बसून घसरत उतरायला लागले तर तिथूनच फिरा. दरीचा सगळ्यात देखणा, अरुंद भाग तोवर पाहून झालेला असतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. आदल्या दिवशी किंवा सकाळी अवकाळी पाऊस असेल तर दरीत शिरूच नका. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांचा कातळ आहे, पाणी आलं तर बाजूला सरायला जागा नाही. दुसरं, कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात. अत्तर, सेंट लावू नका, धूर करू नका, मुलाला आरडाओरडा करू देऊ नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. उताराचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शुक्रवारीच निघू. मुलाला दुसऱ्या डोहात नेणार नाही, तो आणि नवरा अलीकडे थांबतील. पुढे मी, बाबा आणि वाटाड्या. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. अर्ध्या तासाची अट त्यांनी मान्य केली, पण घड्याळ त्यांच्याच हातात असेल म्हणाले. एकच विचारायचं राहिलं : धोंड्यांमध्ये काठीचा उपयोग होतो की दोन्ही हात मोकळे बरे?

प्रतिसाद १

पाण्यात काठी हवी, तळ चाचपायला. धोंडे लागले की ती वाटाड्याकडे द्या आणि काकांचे दोन्ही हात मोकळे ठेवा.