लेडी मॅकबेथच्या वेषातली एलेन टेरी : हा नक्की कुठला प्रसंग?

नेपथ्यवाला
चित्रकार सार्जंटचं १८८९ चं पेंटिंग आहे ना, इंग्लिश नटी एलेन टेरी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या लेडी मॅकबेथच्या वेषात, हिरवा-निळा चमचमता झगा, लांबच लांब तांबड्या वेण्या आणि दोन्ही हातांनी मुकुट डोक्याच्या वर धरलाय. काल मोठ्या स्क्रीनवर झूम करून निवांत बघत बसलो आणि डोक्यात किडा शिरला. नाटक मी दोनदा वाचलंय, ही बाई स्वतःच्या हातानं मुकुट चढवतेय असा प्रसंग काही केल्या आठवेना. राज्याभिषेक तर पडद्याआडच उरकतो. माझ्याकडून सुटलाय की त्या प्रयोगात तसं बसवलं होतं? आणि कापडाला खरंच एवढी चकाकी होती की चित्रकारानं आपल्या पदरचं घातलंय?

तिसरी घंटा
काही सुटलेलं नाही तुमच्याकडून. प्रसंग नाटकात नाही आणि प्रयोगातही नव्हता, ती पोझ सार्जंटची. नट हेन्री आयर्विंगनं डिसेंबर १८८८ मध्ये लंडनच्या लिसियम थिएटरात मॅकबेथ लावलं, स्वतः मॅकबेथ आणि टेरी लेडी मॅकबेथ. सार्जंट पहिल्याच प्रयोगाला हजर होता आणि तिला बघून चित्र काढायचंच म्हणून बसला. मग बाई पूर्ण वेषात घोडागाडीतून त्याच्या टाइट स्ट्रीटवरच्या स्टुडिओत जायच्या. लेखक ऑस्कर वाइल्ड त्याच गल्लीत राहायचा, त्यानं हे दृश्य बघून कौतुकानं लिहून ठेवलंय, पावसाळी सकाळी लेडी मॅकबेथ गाडीत बसून चाललीय म्हटल्यावर कोण गप्प बसेल!

तिच्या कामाबद्दल मात्र दोन तट पडले. लोकांना राक्षसीण हवी होती आणि हिनं नवऱ्यावर जीव टाकणारी बायको उभी केली. चित्रातली बाई त्याहून कितीतरी जहाल वाटते मला. पण टेरीनं आत्मचरित्रात लिहिलंय की आपल्याला अभिनयातून जे पोचवायला आवडलं असतं ते सगळं या चित्रात सुचवलंय. एवढं नटीनंच म्हटल्यावर प्रसंग कुठला हे शोधण्यात फारसा अर्थ नाही.

टाके-उसवे
झग्याचं मी सांगते, हा माझा प्रांत 😀 चकाकी खरी आहे. ॲलिस कॉमिन्स-कार यांचं डिझाइन आणि ॲडा नेटलशिपनं शिवलेला. हिरवा धागा आणि निळी जर मिळून क्रोशानं विणलंय, म्हणजे लांबून कड्यांचं चिलखत वाटावं आणि सापाचे खवलेही. त्यावर भुंगेऱ्यांचे हिरवे पंख टाचलेत, हजारेक! पंख म्हणजे उडायचे पातळ नाहीत, वरचं टणक कवच असतं ते. आपल्याकडे भरतकामात ते आधीपासून वापरायचे आणि त्या काळात इंग्लंडमध्ये त्याची फॅशनच होती. लिसियममध्ये गॅसचे दिवे असायचे, त्या हलत्या उजेडात हे अंगावर काय दिसत असेल विचार करा. झगा अजून आहे, केंटमध्ये टेरीच्या स्मॉलहाइथच्या घरी. २०११ मध्ये त्याची दुरुस्ती पुरी झाली, विणलेलं कापड स्वतःच्याच वजनानं ओघळतं त्यामुळे काम किचकटच.

कोळसा आणि खडू
पण म्हणून वेषातलं प्रत्येक चित्र असंच असतं असं नाही हं. चित्रकार होगार्थनं १७४५ च्या आसपास काढलेला नट गॅरिक बघा, शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या वेषात. तिथे प्रसंगावर बोट ठेवता येतं, लढाईच्या आदल्या रात्री तंबूत भुतं स्वप्नात येतात आणि हा दचकून उठतो तो क्षण, पंजा पुढे, बोटं फाकलेली.

तिसरी घंटा
प्रसंग ओळखता येतो हे मान्य. पण त्याच चित्रात मागे बघा, खरी छावणी आहे, तंबू, शेकोटीभोवती बसलेले सैनिक. स्टेजवर तिथे रंगवलेला पडदा असणार. म्हणजे नट नाटकातला आणि आजूबाजूचं जग इतिहासातलं. प्रयोग जसाच्या तसा तिथेही नाहीच.

नेपथ्यवाला
धन्यवाद मंडळी, झूम करून पंख शोधून आलो, सापडले. शेवटचं एक, हे चित्र गेलं कुठे मग?

तिसरी घंटा
आता लंडनच्या टेट कलासंग्रहालयाकडे आहे, १९०६ मध्ये कलाविक्रेत्या ड्युवीननं भेट दिलं. त्याआधी आयर्विंगनंच विकत घेऊन लिसियममधल्या त्याच्या जेवणाच्या खोलीत लावलं होतं.

नेपथ्यवाला
म्हणजे मॅकबेथ जेवायला बसणार आणि समोर बायको मुकुट चढवतेय. घास उतरला कसा म्हणायचा!