उसण भरल्यावर योगासने : सुरुवात कोठून करावी?

लालबागकर
नमस्कार. गेल्या आठवड्यात पहाटे पाणी भरताना भरलेली कळशी उचलून तसाच वळलो आणि कंबरेच्या उजव्या बाजूस उसण भरली. डॉक्टरांनी तपासून स्नायू ताणला गेल्याचे निदान केले, एक्स-रेची गरज नसल्याचे सांगितले आणि थोडेथोडे हालत राहण्याचा सल्ला दिला. घरी मात्र आईचा आग्रह आहे की उसण उतरेपर्यंत अंथरूण सोडू नये, आणि शिवाजी पार्कवर रोज व्यायाम करणारे आमचे शेजारी म्हणतात की बारा सूर्यनमस्कार घातले की सगळे मोकळे होईल. आता चालताना त्रास होत नाही, परंतु वाकून बूट घालताना कळ येते. सौम्य आसनांपैकी कोणती करावीत, आणि अती होत आहे हे कशावरून ओळखावे?

योगशिक्षिका, मुलुंड
आपल्या आईंची काळजी रास्त असली तरी एक-दोन दिवसांपलीकडे पडून राहिल्याने पाठ अधिकच आखडते, म्हणून साध्या कंबरदुखीत हल्ली डॉक्टर हालचाल सुरू ठेवायला सांगतात. शेजाऱ्यांचा सल्ला मात्र मी आत्ता मुळीच मानणार नाही. सूर्यनमस्कारात गुडघे सरळ ठेवून वाकणे पुन्हा पुन्हा येते, आणि आपल्याला कळ येते ती नेमकी वाकतानाच.

उताणे झोपून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर टेकलेले असावेत. श्वास सोडताना कंबर हलकेच जमिनीकडे दाबावी, श्वास घेताना सोडून द्यावी. ही हालचाल इतकी लहान असते की पाहणाऱ्याला आपण काही करीत आहोत असे वाटणारही नाही, तरीही पहिले काही दिवस एवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही. ती सहज होऊ लागली की एकपाद पवनमुक्तासन, म्हणजे उताणे असतानाच एक गुडघा छातीकडे आणणे, घ्यावे, परंतु डोके न उचलता, हात गुडघ्यावर न ठेवता मांडीखाली धरून, आणि आधी न दुखणाऱ्या बाजूने. त्यानंतर मार्जारासन करावे, म्हणजे हात आणि गुडघे टेकून ओणवे राहून पाठ वर-खाली न्यावी. त्यात पाठ जितकी वर-खाली जाऊ शकते त्याच्या निम्मीच न्यावी आणि गुडघ्यांखाली जाड सतरंजी घ्यावी. दमल्यासारखे वाटल्यास मकरासनात, म्हणजे पालथे होऊन सैल, पडावे. पाठ पुढे वाकवणारी पश्चिमोत्तानासन व हलासन ही आसने आणि पिळाची आसने, म्हणजे वक्रासन व अर्धमत्स्येंद्रासन, तूर्त बाजूला ठेवावीत.

मोजमापाचे म्हणाल, तर दहापैकी दोन-तीन इतपत दुखणे चालते, मात्र आसन सोडल्यावर ते लवकर निवले पाहिजे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. अंथरुणातून उठताना पाठ आदल्या सकाळपेक्षा जड वाटली, तर काल जास्त झाले असे समजून प्रमाण कमी करावे.

फिजिओथेरपिस्ट, दादर
वरील क्रमाशी मी सहमत आहे, त्यामागचे कारण थोडे सांगतो. स्नायूचे तंतू तुटल्यावर पहिले काही दिवस तेथे दाह असतो, आणि मग शरीर त्या जागी नवे तंतू घालू लागते. सुरुवातीस ते वेडेवाकडे पडतात. त्यांच्यावर हलका, नियमित भार आला तरच ते स्नायूच्या दिशेने नीट लागतात, परंतु याच काळात जोराने ताण दिला तर भरत आलेली जागा पुन्हा उकलते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे स्नायू लांबवण्यापेक्षा तो हलता ठेवण्याकडे लक्ष असावे.

योगाने कंबरदुखी बरी होते असे सांगताना अनेकजण २०१७ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या अमेरिकेतील अभ्यासाचा दाखला देतात. त्यात ३२० जणांचा समावेश होता आणि बारा आठवड्यांच्या योगवर्गांचा परिणाम फिजिओथेरपीच्या तोडीचा दिसला, हे खरे. मात्र ते सर्व जुनाट कंबरदुखीचे रुग्ण होते. कालपरवा भरलेल्या उसणीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. आपली उसण बहुधा तशीही उतरेल. आसनांचा उपयोग इतकाच की त्या दरम्यान पाठ आखडू नये आणि वाकण्याची भीती मनात बसू नये.

वेदनाशामक गोळी घेऊन लगेच आसने करू नयेत, कारण मग दुखण्यावरून अंदाज घेता येत नाही. कळ गुडघ्याखाली उतरू लागली, पायात मुंग्या किंवा बधिरता आली, तर आसने थांबवून पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. पाऊल उचलेनासे झाले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

लालबागकर
दोघांचेही आभार. गोळ्या बंद झाल्या आहेत, पायात काही नाही. अडचण उरते ती कामावर जाण्याची : करी रोडहून दादर, तेथे पूल चढून पश्चिम रेल्वे, मग अंधेरीपर्यंत उभ्याने प्रवास.

डोंबिवलीकर
उभ्याने प्रवास करणाऱ्यांपैकी मीही एक आहे, म्हणून लिहितो. गाडीत गुडघे ताठ ठेवू नयेत, अगदी किंचित सैल ठेवून भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश बदलत राहावा. वरची कडी दुखऱ्या बाजूच्या हाताने ताणून धरू नये, शक्य असल्यास खांब धरावा. पिशवी एका खांद्यावर लटकवण्याऐवजी दोन पट्ट्यांची घेऊन छातीशी ठेवावी, तशीही गर्दीत ती पुढेच घ्यावी लागते. बूट खुर्चीवर बसून, पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन घालावेत. कचेरीत तासाभराने उठून पाण्यापर्यंत जाऊन आले तरी पुष्कळ फरक पडतो.

कोणाच्या देखरेखीखाली करावेसे वाटल्यास, १९१८ साली स्थापन झालेली 'द योग इन्स्टिट्यूट' सांताक्रूझला आहे, म्हणजे अंधेरीहून परतताना आपल्या वाटेवरच. वर्ग कोठलाही असो, सुरू होण्यापूर्वी शिक्षकांना उसणीविषयी सांगावे, नाहीतर सर्वांबरोबर आपणही पुढे वाकू लागता.

योगशिक्षिका, मुलुंड
सूर्यनमस्कारांविषयी एक राहिले. बूट घालताना कळ येणे पूर्ण थांबले आणि त्यानंतर आठवडाभर पाठ शांत राहिली, तर जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर हात टेकवून, गुडघे वाकवून दोन-तीन घालून पाहावेत. बारांची घाई नको.