दोन एकरांच्या करडासाठी (वाळवलेल्या गवतासाठी) जुनी यंत्रे
सत्तरी तालुक्यातील दोन एकर कुरणासाठी जुना ट्रॅक्टर आणि बेलर (गवताचे गठ्ठे बांधणारे यंत्र) घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये, कारण वर्षातून मोजके दिवस चालणारे आणि उरलेला काळ गोव्याच्या दमट हवेत गंजणारे यंत्र इतक्या क्षेत्राला पोसवत नाही. त्याऐवजी हाताने धरून मागून चालत चालवायचा जुना सिकल-बार मोअर (पुढच्या आडव्या दांड्यावरच्या पात्यांनी गवत कापणारे यंत्र) पाहावा. इंजिनाच्या आधी त्याचा कापणीचा दांडा तपासावा. रिव्हेटने बसवलेली त्रिकोणी पाती बदलता येतात, पण दांड्यावरच्या बोटांसारख्या ज्या दात्यांमधून ती सरकतात तेच वाकलेले असतील, तर गवत कापले न जाता अडकत राहते. घरी ब्रशकटर (खांद्याला अडकवून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र) असेल, तर त्याला धातूचे पाते लावावे. नायलॉनच्या दोरीने गवताचा चुरा होतो.

खरी अडचण पावसाची आहे. फुलोऱ्यातले गवत अधिक पौष्टिक असले, तरी पाऊस ओसरून सलग ऊन मिळेपर्यंत थांबणे आपल्याकडे भाग पडते. दव उडाल्यावर कापावे, पातळ पसरावे आणि उलथत राहावे. रचताना ओलावा साधारण १५ टक्के असावा. तो तपासायला काचेच्या बरणीत करडाचे तुकडे व कोरडे मीठ घालून हलवावे (आपले मीठ एरवीही पाझरतेच, म्हणून आधी तव्यावर परतावे). मिठाचे गोळे झाले, तर आणखी एक ऊन द्यावे. ओली रचलेली उडवी (गवताची गंजी) आतून तापते, बुरशी धरते आणि क्वचित पेटही घेते.

गठ्ठ्यांसाठी बिनतळाची लाकडी पेटी, सुंभ आणि तुडवायला दोन माणसे पुरतात.