गोळी कुठून आली हे कसं ओळखायचं?

गोळी नेमकी कुठून आली तेच कळत नाही, ही आर्मा ३ या युद्धाच्या व्हिडिओ गेममधली नवख्यांची अडचण खरी आहे. हेडफोन लावा. आधी ऐकू येणारा कडक 'टच्च' हा जवळून गेलेल्या गोळीचा, त्याची दिशा फसवी. पाठोपाठचा दबका 'धप्प' बंदुकीचा, शत्रू त्या बाजूला. पण आधी आडोसा गाठा! मग कंट्रोल धरून डब्ल्यू किंवा एसने उंची जराशीच बदलून डोकवा. धावून आल्या आल्या झाडू नका, नेम डुलतो. दम बसू द्या, सी दाबून बंदूक टेकवा. झिरोइंग (नेम किती अंतरासाठी जुळवलाय तो आकडा) ३०० वर आणि शत्रू ५०० मीटरवर असेल तर गोळी त्याच्या पुढ्यात मातीत जाते, पेज अपने वाढवा.