'इंटरऑपरेबिलिटी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मोठ्या टेक कंपन्यांनी आपली बंदिस्त यंत्रणा प्रतिस्पर्ध्यांच्या उपकरणांना आणि ॲपना खुली करावी, अशी सक्ती असावी का, या विषयावरच्या लेखाचे भाषांतर करतो आहे. 'इंटरऑपरेबिलिटी', म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे आणि ॲप एकमेकांसोबत काम करू शकणे, दर परिच्छेदात येते. 'आंतरकार्यक्षमता' लिहून पाहिले, पण 'कार्यक्षमता' म्हटले की 'एफिशियन्सी'च डोळ्यांपुढे येते. 'सुसंगतता' चालेल का?

प्रतिसाद

'कार्यक्षमते'बद्दलची शंका रास्त आहे. पण 'सुसंगतता' नको, तो शब्द 'कम्पॅटिबिलिटी'साठी रुळला आहे. फरक माझ्या मनगटावरच आहे. माझे घड्याळ माझ्या फोनशी सुसंगत आहे, खोक्यावर तसे छापलेले आहे. फोनवर आलेला निरोप त्यावर दिसतो. उत्तर द्यायला जावे तर बटणच नाही. फोनच्या कंपनीने ती सोय फक्त स्वतःच्या घड्याळाला दिली आहे. हेच घड्याळ मुलीच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनला जोडले की बटण हजर! सुसंगत आहे, पण बरोबरीने काम करू दिले जात नाही.

हा भेद मराठी क्रियापदे नेमका पकडतात: जुळणे, जुळवून घेणे, जुळू देणे. जुळवून घेतो तो गरजवंत. छोट्या कंपन्या आजवर हेच करत आल्या, आणि मोठ्या कंपनीने आतले काही बदलले की पुन्हा पहिल्यापासून. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट मागतो ते 'जुळू देणे'. त्याची बंधने बड्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून लागू झाली. वर्षभराने, मार्च २०२५ मध्ये, युरोपीय आयोगाने आयओएसमधल्या, म्हणजे आयफोन ज्यावर चालतो त्या प्रणालीतल्या, कोणत्या सोयी इतरांच्या घड्याळांना, हेडफोनना खुल्या करायच्या हे ॲपलला नेमून दिले. घड्याळावरची नोटिफिकेशन्सही त्यात आहेत. मला ही सक्ती योग्य वाटते.

जाता जाता: हा कायदा ज्या बड्या कंपन्यांना लागू होतो त्यांना तो 'गेटकीपर' म्हणतो; त्याचे 'द्वारपाल' करू नका. द्वारपाल हा चाकर असतो, इथे मालकच दार अडवून उभा आहे. 'नाकेदार' जवळचा वाटतो, त्यात अडवणेही आले आणि वसुलीही.

प्रतिसाद

'जुळू देणे' फार सौम्य वाटते. कंपनीने स्वतः घडवलेली यंत्रणा कायदा उघडायला लावतो आहे. आणि नोटिफिकेशन म्हणजे माझा खाजगी मजकूर. तो परक्या उपकरणाच्या हाती गेला तर जबाबदार कोण?

प्रतिसाद

'परक्या' शब्दावरून आठवले. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या नियमांत 'फॉरेन अटॅचमेंट' असाच शब्द होता, म्हणजे परकी जोडणी, आणि तिला बंदी होती. टॉमस कार्टर यांचे कार्टरफोन हे यंत्र रेडिओवरचे बोलणे टेलिफोनवर पोचवायचे. त्यात तारेला तार जोडलेलीही नव्हती, रिसीव्हर नुसता खाचेत ठेवायचा. तरी कंपनीने हरकत घेतली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) निकाल दिला, की टेलिफोनच्या जाळ्याला अपाय होत नसेल तर असे उपकरण जोडण्यास मज्जाव करता येणार नाही. त्यावर कंपनीने नवी अट घातली: आमचे संरक्षक यंत्र मध्ये बसवा, त्याचे पैसे भरा. ती अट सुटायला पुढची काही वर्षे गेली. मग आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम सगळे त्याच वाटेने घराघरांत आले.

तुमची काळजी खरी आहे, म्हणूनच 'अपाय' हा त्या निकालातला कळीचा शब्द. आजच्या युरोपीय कायद्यातही मेसेजिंग ॲप एकमेकांना जोडताना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची (निरोप फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशा कुलूपबंदीची) पातळी ढळता कामा नये, अशी अट आहे. अपाय होतो म्हणणाऱ्याने तो दाखवून द्यावा. 'परके' एवढेच कारण पुरेसे नाही.

नाम हवेच असेल तिथे 'परस्परचालन' वापरा, ते निदान 'कार्यक्षमते'त अडकत नाही. बंधनाबद्दलच्या वाक्यात मात्र क्रियापदच ठेवा, म्हणजे कर्ता लपणार नाही: 'कंपनीने प्रतिस्पर्ध्यांची उपकरणे आपल्या यंत्रणेशी जुळू दिली पाहिजेत.'