अनुभव धागा: बातमी कुठं झुकली, हे कशावरून ओळखता?

पारावर पेपर एकच येतो आणि गावाचं मत त्यावरच ठरतं. किस्से नकोत, खुणा सांगा. मराठवाड्यातल्याच.

पैठणहून
धरणाचे टक्के छापून आले की आधी विचारा, कशाचे टक्के? जायकवाडीची एकूण क्षमता 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. त्यात 26 मृतसाठा, म्हणजे दारातून न निघणारं तळाचं पाणी; उरलेला 76 उपयुक्त. उपयुक्त साठा 40 टक्के म्हणजे 30 टीएमसी. त्यात मृतसाठा मिळवला की तेच धरण 55 टक्के! दोन्ही आकडे खरे. पण 55 वाचलेला वरच्या, नगर-नाशकाच्या भागातला माणूस म्हणणारच, ‘अजून पाणी कशाला?’

तिथल्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सुटलं की दोन्हीकडच्या आवृत्त्या शेजारी ठेवा. 2023 ला 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला. असं पाणी नगर-नाशकात ‘पळवलेलं’, आपल्याकडं ‘हक्काचं’. तिकडं दारातून सुटलेलं मोजतात, इकडं नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात पोचलेलं. मधली तूट मथळ्यात येत नाही. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तरच वरून सोडायचं, ही अट बातमीत नसेल तर ती बातमी अर्धीच.

लातूर, आडत बाजार
सोयाबीनच्या भावात किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. मथळ्यात कमाल जातो, आणि तो मिळालेला असतो चार चांगल्या कट्ट्यांना. दुसऱ्या दिवशी आवक वाढते, ओलावा 12 टक्क्यांवर निघाला की भाव कापला जातो, मग शिव्या आडत्याला. सर्वसाधारण दर बघा, शेजारी आवक बघा, मग 5,328 च्या हमीभावाशी ताडा (2025-26 चा).

लातूरच, दुसरा
2016 ची पाण्याची रेल्वे. मिरजेहून पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर; भागाकार केला की माणशी सव्वा लिटर. कॅमेरे मात्र रुळावरच.

बीड
तालुक्याचा वार्ताहर बहुधा जाहिरातीच्या कमिशनवर असतो. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली की पुढचे आठ दिवस त्याच्याविषयी काय छापलं नाही ते बघा.

नांदेड
निवडणुकीत एकच मजकूर, तोच स्वल्पविराम, दोन पेपरांत दोन वार्ताहरांच्या नावांनी दिसला तर ती पैसे देऊन छापलेली बातमी असू शकते; दोन्ही कात्रणं तारखेसह जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडं लगेच द्या. उमेदवाराला नोटीस छापल्यापासून 96 तासांत काढायची असते. एरवी आधी संपादकाला पत्र, मग पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल. दैनिकासाठी मुदत दोन महिने. पत्राची पोच जपून ठेवा, नाहीतर अर्ज तिथंच अडकू शकतो.