हिंजवडीतील नोकरी आणि दोन लहान मुले: पुण्यात घर कोणत्या भागात घ्यावे?

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही नाशिकहून पुण्यात राहायला येत आहोत. माझे कार्यालय हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात आहे, थोरली मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल आणि धाकटा दोन वर्षांचा आहे. भाड्याच्या घरासाठी पिंपळे सौदागर आणि कोथरूड यांपैकी एक भाग निवडायचा आहे.

पिंपळे सौदागर कार्यालयाला जवळ असून तेथील सोसायट्यांमध्ये मुलांना खेळायला मोकळी जागा आहे; मात्र पिंपरी-चिंचवड महापालिका २०१९ पासून दिवसाआड पाणी देत असल्यामुळे उन्हाळ्यात टँकरवर किती विसंबावे लागते आणि तो खर्च मासिक देखभाल शुल्कातच धरतात की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हे तेथील रहिवाशांनी कृपया सांगावे. कोथरूडमध्ये मराठी माध्यमाच्या जुन्या, नावाजलेल्या शाळा आहेत आणि मुलीने मराठीतूनच शिकावे, असे आम्हां दोघांनाही मनापासून वाटते.

चांदणी चौकातून बाह्यवळण मार्गाने हिंजवडीला रोज ये-जा करणाऱ्यांना संध्याकाळी मुले झोपण्याआधी घरी पोहोचता येते का? पिंपळे सौदागरच्या आसपास मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमाची चांगली शाळा आणि विश्वासाचे पाळणाघर असल्यास तेही अवश्य कळवावे.